एस्प्रेसो यंत्राचे पॅडल म्हणजे बटण नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतील कॉफीविषयक लेखात ‘पंप ९ बारवर लावला की एस्प्रेसो उत्तम उतरतो’ असे विधान आहे (बार हे दाबाचे एकक). बटणाच्या साध्या यंत्रापुरते ते चालून जाईल. पण हाताने पॅडल, म्हणजे पाणी सोडणारा दांडा, सरकवून चालवायच्या यंत्राला ते लागू होत नाही. पुण्यातील माझ्या छोट्या कॅफेत मी असे यंत्र रोज चालवतो, म्हणून हे पत्र.

मुळात दाब एकटा पंप निर्माण करत नाही. बास्केटमध्ये, म्हणजे तळाला छिद्रे असलेल्या वाटीत, दाबून बसवलेला कॉफीचा थर पाण्याला अडवतो, तेव्हा दाब चढतो. थर कोरडा असताना पाणी पूर्ण जोराने सोडले, तर ते जिथे थर विरळ असेल तिथे वाट फोडते. तेवढ्या भागातून अर्क गरजेपेक्षा जास्त निघतो, बाकीचा भाग तसाच राहतो, आणि कपात कडूपणा व आंबटपणा एकदमच येतो. म्हणून पॅडल सुरुवातीला थोडेसेच उघडून, २ ते ३ बारवर, पाच ते दहा सेकंद थर भिजू द्यावा आणि मगच दाब ९ बारकडे न्यावा. थर असा सावकाश भिजला की दळण थोडे बारीकही ठेवता येते.

लोकांचे दुर्लक्ष होते ते शेवटच्या टप्प्याकडे. अर्क निघत जातो तसा थर पाण्याला कमी अडवू लागतो आणि धार पातळ होऊन वेगाने पडू लागते. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम पेय काढायचे असेल, तर निम्मे कपात उतरल्यावर पॅडल हळूहळू मागे घेऊन दाब ६ बारच्या आसपास आणावा. धार एकसारखी राहते आणि शेवटचा तुरटपणा टळतो, असा माझा अनुभव आहे.

यात नवीन काही नाही. मिलानच्या आकिले गाज्जिया यांच्या स्प्रिंगच्या लिव्हर यंत्रात स्प्रिंग सैल होत जाई तसा दाब आपोआप उतरे. १९६१ मध्ये आलेल्या फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्रात स्प्रिंगची जागा पंपाने घेतली आणि स्थिर ९ बार ही रीत रुळली. फ्लॉरेन्सच्या ला मार्झोको कंपनीच्या स्ट्राडा या यंत्राने आणि सिएटलच्या स्लेयर कंपनीच्या यंत्राने ती सूत्रे पुन्हा माणसाच्या हाती दिली. मात्र दोन्हींचे पॅडल सारखे नाही. स्ट्राडाच्या यांत्रिक पॅडलने झडप क्रमाक्रमाने उघडते, तर स्लेयरमध्ये पॅडल मधल्या स्थितीत ठेवले की पाणी सुई-झडपेतून बारीक धारेने येते. तिथे आवरला जातो तो प्रवाह, आणि दाब थराच्या अडवणुकीप्रमाणे मागून चढतो.

लेखकांनी पुढील लेखात हा फरक सांगावा, आणि यंत्र घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून तपासायला सांगावी: दाबमापक पंपाजवळचा दाब दाखवतो की कॉफीवरचा. पंपाचा काटा ९ वर स्थिर असतानाही कॉफीवर जेमतेम २ बार असू शकतात, आणि तो काटा पाहून पॅडल चालवणाऱ्याला आपल्या हाताने काय बदलले हे कधीच कळत नाही.

आपला,
एक कॅफेचालक, पुणे