मडगावला रुजू होण्यापूर्वी

चि. मैथिली हिस अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू मामलेदार कचेरीत रुजू होणार, म्हणून खोलीविषयी आणि जेवणाविषयी लिहायला बसलो होतो. पण ते सारे आईने फोनवर सांगून टाकल्यामुळे माझ्यापाशी एकच गोष्ट उरली आहे. खिडकीपाशी आलेल्या माणसाचा कागद त्याच्या भाषेवरून परत करू नकोस.

चतुर्थीला तू धाकट्या काकांशी भाषेवरून ज्या तावाने वाद घातलास, तो माझ्या मनातून जात नाही. 1987 च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापरापुरतीच जागा मिळाली आणि 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांनी कोंकणी हीच मातृभाषा सांगितली, हे सारे तू त्यांना ऐकवलेस, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. मात्र त्याच कायद्यात रोमी, म्हणजे रोमन लिपीला स्थान नाही, आणि मडगावच्या आसपासच्या सासष्टीतली म्हातारी प्रार्थनेचे पुस्तक रोमीतच वाचत आलेली असेल. तिची कोंकणी तुझ्या उत्तरेकडच्या पेडण्याच्या कानाला सुरुवातीला निम्मीच कळेल, तुझी तिलाही तेवढीच. तिच्यामागे मराठीत अर्ज लिहून आणलेला एखादा भजनी बुवा असेल, त्याच्यामागे कन्नड बोलणारा गवंडी, आणि तिघांच्याही हातातला फॉर्म बहुधा इंग्रजीत असेल.

तुझी आजी कोंकणीत भांडायची आणि हरिपाठ मराठीत म्हणायची. शेताचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे ते ट्रंकेत जपण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हते. मी कॉलेजात असताना एका कचेरीत तिच्यासोबत गेलो होतो; तिथल्या कारकुनाने तिचा मराठी अर्ज न वाचताच बाजूला सारला आणि इंग्रजीत आणायला सांगितले. बाहेर बसलेल्या लेखनिकाला पैसे देऊन तिने अर्ज लिहवून घेतला, आणि आपण नेमकी कशावर सही केली, हे घरी पोहोचेपर्यंत ती मला पुनःपुन्हा विचारत राहिली.

हे व्याख्यान झाले, क्षमा कर. आपण घरात मराठी बोलत नाही आणि पत्र मात्र मराठीत लिहितो, याला तू हसशील; पण आमच्या शाळेने हात वळवला तो याच भाषेत. तुझे नेमणुकीचे पत्र मी मामांना दाखवले, पोस्टमनलाही दाखवले.

रोमी अक्षर लागत नसेल, तर शेजारच्या टेबलावरच्या सासष्टीकराकडून वाचून घे, त्यात कमीपणा नाही. मराठी पत्राला मराठीतच उत्तर देण्याचे सरकारचे धोरण आहे. प्रत्यक्षात तसे होते का, हे तिथल्या वरिष्ठांना आधी विचारून ठेव, नाहीतर उत्तर टाळण्यासाठीच कागद परत करायची सवय लागते. पुन्हा तेच लिहिले. पोहोचल्यावर फोन कर, आणि आईने दिलेल्या सोलांतली थोडी घरमालकिणीला दे.

तुझे,
बाबा