काळी पाचमधलं कृष्णविवर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अवकाशात हवाच नाही, मग तिथे कसला आलाय नाद?" सविस्तर उत्तर द्यायचं होतं, म्हणून हे पत्र.

बाबा, बहुतेक ठिकाणी तुमचंच खरं. आवाजाला माध्यम लागतं. पण दीर्घिकांच्या मोठ्या समूहांमधली जागा मोकळी दिसली, तरी ती अतिशय विरळ, तापलेल्या वायूनं भरलेली असते. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 25 कोटी प्रकाशवर्षांवर असा एक समूह आहे. त्याच्या मध्यावरचं कृष्णविवर या वायूला धक्के देत राहतं. 'चंद्रा' दुर्बिणीनं टिपलेल्या क्ष-किरण चित्रात त्या लाटांची वलयं दिसली आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा सूर काढला. आई, तो निघाला काळी पाच! तुझीच पट्टी. फक्त पेटीच्या मध्य सप्तकापासून 57 सप्तकं खाली. एक आंदोलन पुरं व्हायला जवळजवळ 1 कोटी वर्षं लागतात. 2022 मध्ये नासानं तो सूर आपल्या कानांच्या टप्प्यात आणून ऐकवला. भरदार, घुमणारा आहे. दुवा धाकट्याला पाठवलाय, तो लावून देईल.

बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही बैठकींना जाणं सोडलंत, हे मला अजिबात पटलेलं नाही. तो सूर तर कुणाच्याच कानाला ऐकू येत नव्हता. नुसत्या वलयांवरून ओळखला. तुम्हाला तबलजीच्या बोटांवरून सम कळते. जा तुम्ही.

आणि लयीचं म्हणाल, तर आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी 1982 मध्ये सेकंदाला 642 गिरक्या घेणारा स्पंदक, म्हणजे फिरता फिरता ठरावीक लयीत ठोके देणारा तारा, शोधणाऱ्या चमूत होते. स्पंदकाकडून येतात त्या रेडिओलहरी, आवाज नव्हे. पण त्यांचे ठोके स्पीकरवर घेतले तर इतके जलद पडतात की सलग सूरच लागतो. असे स्पंदक लय सोडत नाहीत. त्यांचे ठोके किंचित मागेपुढे झाले, तर मधलं अवकाशच ताणलं-आकसलं गेलं असेल, असा शोध घेता येतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेनांनीही वर्षानुवर्षं हे ठोके मोजले. अशा मोजण्यांतूनच 2023 मध्ये अवकाशाला असं ताणणाऱ्या-आकसणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या विश्वभर चाललेल्या गुंजनाचे पुरावे जगासमोर आले. त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचाही वाटा!

फेब्रुवारीत मी येतेय. विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, तिघं जाऊ. आई, गुडघ्याचा पट्टा घे, तिथे चालावं लागतं.

तुमची,
ताई