गँग म्हणजे फक्त गुंडच का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की रेल्वेने रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनचं नाव बदलून ट्रॅक मेंटेनर केलं ते बरं झालं, गँग हा गुंडांचा शब्द, तो कष्टाच्या माणसाला कशाला चिकटवायचा. भावना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शब्द मुळात गुंडांचा नाहीच ना भाऊ, गुंड त्यात मागून घुसले.

जुन्या इंग्रजीत गँग म्हणजे चालणं, जाणं, वाट. स्कॉटलंडच्या बोलीत अजून जाणे या अर्थाने तो वापरतात, जर्मनमधे त्याचाच भाऊ गांग, म्हणजे चाल, शिवाय घरातला बोळ आणि गाडीचा गिअरसुद्धा. जहाजावर चढायची वाट ती गँगवे. आणि भाषेचे अभ्यासक तर हे नातं पार संस्कृतातल्या जंघेपर्यंत नेऊन भिडवतात, म्हणजे आपली मराठीतली जांघ ही गँगची लांबची नातेवाईक निघाली, आता बोला! तर चालण्यावरून मग जे सोबत न्यायचं, एका कामाला एकत्र लागतं, असा हत्यारांचा संच म्हणजे गँग झाली, आणि सतराव्या शतकात एकत्र काम करणाऱ्या मजुरांनाही तेच म्हणायला लागले. चोर-दरोडेखोरांना तो शब्द साधारण त्याच सुमारास पण जरा नंतर लागला, आणि पेपरवाल्यांना तोच अर्थ आवडला (राग मानू नका साहेब, पण तुमच्याकडेही मोटारसायकल चोर पकडले की हेडिंगमधे गँग ठरलेली).

भुसावळात राहणाऱ्याला हे सांगायला डिक्शनरी लागत नाही. इथून एक लाईन नागपूरकडे जाते, एक खंडव्याकडे इटारसीला, आणि दोन्हींवर लहानपणापासून आम्ही गँग बघितली ती म्हणजे खांद्यावर पहार, फावडं, घण घेऊन रुळाच्या कडेने चालत जाणारी माणसं. कीमनचं तर कामच चालायचं, सकाळी निघायचं, हातोडा-पाना आणि लाल-हिरवी झेंडी घेऊन आपला बीट पायी तपासायचा, कुठे रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की ठोकायची, की पुढे. आणि मेट म्हणजे गँगचा मुकादम, तो वाकून रुळाच्या लेव्हलला डोळा आणायचा, दुसरा डोळा मिटायचा, आणि लांबवर हात करून सांगायचा की तिथे बसलाय रूळ, खडी भरा. आता मशीन आल्या, पण मे महिन्यात भुसावळचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं की लोखंड प्रसरण पावतं, रूळ वाकायची भीती असते आणि तेव्हा भर दुपारी लाईनवर चालत जाऊन बघणारा माणूसच लागतो. त्या माणसाला तुम्ही ट्रॅक मेंटेनर म्हणा की आणखी काही, पाय त्याचेच भाजतात. आमच्या गल्लीत तर आजही म्हातारी माणसं अभिमानाने सांगतात, मी गँगमधे होतो.

आता त्या शब्दाचा इतिहास एकदम सोवळा आहे असंही मी म्हणत नाही. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत गुलामांच्या गँगा पाडलेल्या असायच्या, धडधाकटांची वेगळी, लहान पोरांची वेगळी, गवत काढायला. इंग्लंडच्या आरमारासाठी माणसं बळजबरीने उचलून नेणारी ती प्रेस गँग. खुद्द इंग्लंडातही शेतमजुरांच्या गँगा गावोगाव फिरवल्या जायच्या, बायका-पोरांसकट, शेवटी १८६७ साली कायदा करावा लागला की आठ वर्षांखालच्या पोराला गँगमधे घ्यायचं नाही आणि गँगमास्टरने लायसन काढायचं. गँगमास्टर म्हणजे आपला मुकादमच की. पुढे तो कायदा गेला आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिथल्याच मोरकॅम्ब उपसागरात रात्री शिंपले वेचायला नेलेले किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडून मेले, तेव्हा त्याच वर्षी गँगमास्टरच्या लायसनचा नवा कायदा आला.

म्हणून माझं म्हणणं असं की नावावरून भांडण्यात काही हशील नाही, भांडायचं तर ह्या मुकादमीवरून भांडा. आपल्याच नंदुरबार-धुळ्याकडून दिवाळीनंतर उसतोडीच्या टोळ्या गुजरातेत सुरत, बारडोलीकडे जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, तान्हं पोर ट्रकात सोबत, आणि मुकादमाला लायसन विचारताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. टोळी हा शब्दही बघा, तोही चोरांना आणि मजुरांना दोघांना चालतो, पण त्याबद्दल अजून कुणाचं पत्र आलेलं दिसलं नाही. तेव्हा यंदा हंगाम सुरू झाला की तुमचा वार्ताहर शहादा-तळोद्याकडे पाठवा, एखाद्या टोळीसोबत कारखान्यापर्यंत जाऊ द्या त्याला आणि मुकादमाच्या वहीत कुणाच्या नावावर किती उचल मांडलीय ते छापा. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापलं तरी चालेल.

– एक वाचक, भुसावळ