घुबडाचं पेलेट उघडताना

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

घुबड उंदीर अख्खा गिळतं, मग हाडांचं काय होतं, असं तू विचारलंस. ती बहुतेक जशीच्या तशी तोंडावाटे बाहेर येतात. घुबडाच्या जठरातलं आम्ल गरुड-ससाण्यांच्या मानाने सौम्य असतं. मांस पचून पुढे सरकतं. हाडं, दात, केस पेषणीत, म्हणजे जठराच्या स्नायूंच्या भागात अडकतात आणि तिथे दाबले जाऊन त्यांचा गोळा बनतो. काही तासांनी घुबड मान ताणून, चोच वासून तो ओकून टाकतं. यालाच पेलेट म्हणतात. ती विष्ठा नव्हे. गोळा तयार होण्याआधीच दुसरी शिकार मिळाली, तर दोन्हींची हाडं एकाच पेलेटमध्ये येतात.

गव्हाणी घुबडाचं पेलेट साधारण ४ ते ६ सेंमी लांब आणि काळपट असतं. ताजं असेल तर वरून चकाकतं. ते घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली शोधायचं, तेही घुबड तिथे नसताना. घरट्याजवळ मात्र अजिबात जायचं नाही. घुबडं बिथरली तर जागा सोडून जातात.

उचलताना हातमोजे हवेतच, कारण पेलेटमध्ये साल्मोनेला जंतू असू शकतात. पूर्ण वाळवून, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये सुमारे १६० अंश सेल्सिअसला ४० मिनिटं तापवायचं. हे काम मोठ्या माणसाने करायचं. गार झाल्यावर आधी लांबी मोजून लिहून ठेव. एकदा फोडलं की ती कळणार नाही.

मग तासभर कोमट पाण्यात भिजव. घाई केलीस तर केसांत गुंतलेली कवटी ओढताना नाकाकडून मोडते. आधी सुईने केस सैल कर, मग चिमट्याने हाड उचल. दात सुटून तळाशी जातात, म्हणून पाणी गाळणीतूनच ओत.

आता खरी मजा. पुढे दोन लांब नारिंगी दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा असेल, तर तो उंदीर. नारिंगी रंग दातांच्या वरच्या थरातल्या लोहाचा. मधे अशी मोठी फट न सोडता बारीक टोकदार दातांची रांग असेल, तर ती चिचुंद्री. दात नसून चोच दिसली, तर पक्षी. मोजायला खालचे जबडे सोयीचे: डावे ३ आणि उजवे ४ निघाले, तर किमान ४ प्राणी. कवट्या फुटतात, जबडे टिकतात.

हे सगळे प्राणी घुबडाने बहुधा रात्री पकडलेले. गव्हाणी घुबडाच्या डाव्या कानाचं छिद्र उजव्यापेक्षा वर असून त्याचा रोख खाली असतो, उजव्याचा वर. त्यामुळे खालचा आवाज डाव्या कानाला मोठा ऐकू येतो. डावी-उजवी बाजू मात्र आवाज कोणत्या कानात आधी पोचला यावरून ठरते. दोन्ही मिळून जागा इतकी नेमकी कळते, की गव्हाणी घुबड मिट्ट काळोखातही उंदीर पकडू शकतं.

हाडं पांढरी करायची असतील तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडा वेळ पुरे. ब्लीच वापरू नकोस, हाडं ठिसूळ होतात. कागदावर पूर्ण सुकव, मगच डबीत ठेव. ओल राहिली तर बुरशी चढते.

तुझा,
बाबा