रेंडरमधला उजेड कार्यक्रमाच्या दिवशीही दिसला पाहिजे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कार्यक्रमांच्या प्रकाशयोजनेचे काम मी गेली अनेक वर्षे करत आहे. या व्यवसायात हल्ली सर्रास चालणाऱ्या एका गोष्टीविषयी आपल्या वृत्तपत्रातून मोकळेपणाने लिहावे, असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. सन्मान समारंभ असो, संगीताची मैफल असो, एखाद्या कंपनीची वार्षिक सभा असो किंवा लग्न असो, मंच कसा दिसेल हे आता तोंडी समजावून सांगण्याचे दिवस राहिलेले नाहीत. संगणकावर तयार केलेले चित्र, ज्याला आम्ही सगळेच रेंडर म्हणतो, ते आयोजकांपुढे ठेवले जाते, त्यावरच होकार मिळतो आणि त्यावरच आगाऊ रक्कम हातात पडते. म्हणजे हे चित्र आता कराराचाच एक भाग होऊन बसले आहे. असे असताना त्यात दाखवलेला उजेड प्रत्यक्षात पडणार आहे की नाही, याची जबाबदारी घ्यायला मात्र सहसा कोणी पुढे येत नाही. ही माझी तक्रार आहे आणि तिची सुरुवात मी स्वतःपासून केली पाहिजे.

एका बंदिस्त सभागृहातल्या कार्यक्रमासाठी मी रेंडर केले होते. मागच्या पडद्यावर खालून वर चढत जाणारा केशरी उजेड, आणि मंचाच्या दोन्ही अंगांना ट्रसवरून, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या चौकटीवरून, खाली उतरणारे निळे झोत, दगडी खांबांसारखे ठळक आणि भरीव. आयोजक बाईंनी चार पर्यायांतून हेच चित्र पसंत केले, ते त्या खांबांमुळे. कार्यक्रमाच्या संध्याकाळी सगळे दिवे जागेवर होते, रंग तेच होते, कोनही तेच होते, पण झोत दिसत नव्हते. जमिनीवर निळी वर्तुळे पडली होती, वर दिव्यांची तोंडे चमकत होती आणि त्या दोहोंच्या मध्ये नुसती मोकळी हवा होती. धूर ओळखणारी यंत्रणा वाजेल म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापनाने हेझ मशीन (हवेत विरळ धुके सोडणारे यंत्र) लावायला परवानगी नाकारली होती आणि हे मला आदल्या रात्री कळले होते. बाई चित्राची छापील प्रत घेऊन मंचासमोर उभ्या होत्या. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, मग खाली घेतली आणि शांतपणे विचारले, "हे खांब कुठे गेले?" उत्तर माझ्याजवळ होते, ते चित्र दाखवतानाच द्यायला हवे होते.

प्रकाशाचा झोत बाजूने दिसतो तो हवेतल्या कणांमुळे. हेझ मशीन हवेत अतिशय बारीक थेंब सोडते, त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हवा स्वच्छ असेल तर झोत असूनही दिसत नाही. प्रकाशयोजनेच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या हेझचे प्रमाण कमी-जास्त करण्याची सोय असते आणि रेंडर करताना आपण ते नकळत वाढवत नेतो, कारण त्याने चित्र उठावदार होते. सभागृह हेझला परवानगी देते का, मोकळ्या मैदानावर वारा तो टिकू देईल का, हे प्रश्न संगणक विचारत नाही. ते माणसानेच विचारायचे असतात.

झोतांची गोष्ट निदान डोळ्यांना चटकन जाणवते. त्याहून खोल गडबड दिव्यांच्या माहितीत असते आणि ती चित्रात लपून राहते. सॉफ्टवेअरमध्ये दिवा मांडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात आपण नुसता एक स्पॉट लाइट टाकतो आणि त्याची तीव्रता डोळ्यांना बरी दिसेपर्यंत वाढवतो. असा दिवा बाजारात कुठेही मिळत नाही, तो फक्त त्या फाइलमध्ये असतो. दुसऱ्या मार्गात प्रत्यक्ष भाड्याने येणाऱ्या दिव्याची मोजलेली माहिती आपण आत घेतो: कोणत्या कोनात किती प्रकाश बाहेर पडतो, झोताची कड तीक्ष्ण आहे की मऊ, रंग कसे मिसळतात, झूम किती अंशांपासून किती अंशांपर्यंत जातो. आयईएस फाइल हा अशा मोजमापांचा जुना आणि सर्वत्र चालणारा प्रकार असून त्याचा पहिला नमुना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मूव्हिंग हेडसारख्या हलत्या, रंग बदलणाऱ्या दिव्यांसाठी तेवढे पुरत नाही, म्हणून एमए लायटिंग, रोबे आणि व्हेक्टरवर्क्स या कंपन्यांनी मिळून जीडीटीएफ हा खुला प्रकार विकसित केला आणि २०२० मध्ये त्याला जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेकडून डीआयएन स्पेक १५८०० अशी मान्यता मिळाली. व्हेक्टरवर्क्स, कॅप्चर किंवा डेपेन्स यांसारखे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला दिव्यांची तयार लायब्ररी हाताशी असते. तरीही मनाला येईल तो दिवा टाकून रेंडर केले जाते, तेव्हा अडचण साधनांची नसते, सवयीची असते.

आकड्यांत पाहिले की हा फरक लगेच कळतो. २६ अंशांच्या प्रोफाइलचा (तीक्ष्ण कडेचा झोत टाकणाऱ्या दिव्याचा) झोत १० मीटर अंतरावर साधारण ४.६ मीटर व्यासाचा होतो. हा साधा भूमितीचा हिशेब आहे आणि तो मोडता येत नाही. त्या दिव्याने फक्त वक्त्याचा पोडियम उजळतो आणि शेजारच्या खुर्च्या अंधारात राहतात, असे चित्र कोणी दाखवले तर एकतर अंतर खोटे आहे किंवा दिवा खोटा आहे. तीव्रतेचेही तसेच आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. दिव्याची तीव्रता कँडेलात मोजतात आणि पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये. १०,००० कँडेला तीव्रतेचा दिवा ५ मीटरवर ४०० लक्स देतो आणि तोच १० मीटरवर नेला की १०० लक्स उरतात. रेंडर करताना ट्रस चित्रात अडथळा वाटतो म्हणून तो माऊसने वर सरकवला जातो आणि मग कमी पडलेला उजेड दिव्याची तीव्रता वाढवून भरून काढला जातो. प्रत्यक्षात ट्रस वर गेला तर त्याच दिव्यांनी काम भागत नाही. दिवे वाढवावे लागतात, त्यांचे वजन वाढते, ते वजन पेलणारे रिगिंग लागते, जनरेटरचा हिशेब बदलतो. माऊसच्या एका हालचालीने कार्यक्रमाचा सगळा खर्च हललेला असतो आणि चित्र पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. आयईएस फाइलचा पहिला नमुना, कन्सोलवरून, म्हणजे नियंत्रण फलकावरून, दिवे चालवणारा डीएमएक्स ५१२ हा संकेत आणि जेम्स काजिया यांनी मांडलेले रेंडरिंगचे समीकरण, या तिन्ही गोष्टी १९८६ या एकाच वर्षातल्या आहेत. प्रकाश एका पृष्ठभागावर पडतो, तिथून उसळून दुसऱ्यावर जातो आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचतो, त्या सगळ्या उसळ्यांची बेरीज कशी करायची हे त्या समीकरणाने सांगितले. आजचे प्रत्येक वास्तवदर्शी रेंडर त्याच पायावर उभे आहे. म्हणून लाल गालिच्यावर पडलेला पांढरा उजेड पांढऱ्या पडद्याच्या खालच्या भागाला किंचित लाली देतो, हे चांगले सॉफ्टवेअर आपोआप दाखवू शकते. मात्र त्यासाठी कापड, रंग आणि लाकूड यांचे गुणधर्म त्याला खरे सांगावे लागतात. पांढऱ्या रंगाने शंभर टक्के प्रकाश परत फेकला असे मांडले की अख्खे सभागृह नसलेल्या उजेडाने भरून जाते. चांगला पांढरा रंगही साधारण ८० ते ९० टक्केच प्रकाश परतवतो आणि काळा पडदासुद्धा पूर्ण काळा नसतो.

यानंतर येतो तो सॉफ्टवेअरमधला कॅमेरा. त्याचे एक्स्पोजर आपोआप ठरवू दिले की अंधारा मंचही स्क्रीनवर लखलखीत दिसतो, कारण कॅमेरा स्वतःच उघडत जातो. आयोजकाला वाटते, केवढा उजेड! खरे तर उजेड तेवढाच असतो. शिवाय हा कॅमेरा बहुधा हवेत पाच-सहा मीटरवर तरंगत ठेवलेला असतो आणि तिथून मंचाची सजावट सगळ्यात देखणी दिसते. त्या जागी कोणताच प्रेक्षक बसत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, त्याच्यापुढे डोक्यांच्या रांगा असतात, आणि मागच्या कोपऱ्यातून पाहणाऱ्याला अर्धा मंच खांबाआड जातो. प्रेक्षकाच्या उंचीवरून काढलेले एक तरी चित्र प्रत्येक प्रस्तावात असावे, असा माझा आग्रह आहे.

आणि माणसे. या मुद्द्यावर माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो. बहुतेक रेंडरमधले मंच रिकामे असतात. खुर्च्या, फुले, एलईडी भिंत आणि झोत सगळे असते, फक्त ज्याच्यासाठी हा घाट घातला तो माणूस नसतो. त्यामुळे समोरून येणाऱ्या, चेहरा उजळणाऱ्या प्रकाशाचा विचारच होत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मागची एलईडी भिंत पूर्ण तेजाने पेटते, वक्ता तिच्यापुढे येऊन उभा राहतो आणि त्याचा चेहरा काळवंडतो. डोळ्यांच्या खोबणीत सावली, कपाळावर वरच्या मूव्हिंग हेडचा जांभळा डाग, आणि फोटोंत तर नुसती आकृती. रेंडरमध्ये मंचावर एक साधी मानवी आकृती उभी केली असती, तिच्या त्वचेला योग्य रंग दिला असता आणि एलईडी भिंतीचे तेज खरे मांडले असते, तर हे सगळे आधीच दिसले असते. समोरच्या बाजूला दोन-चार दिवे वाढवून आणि भिंतीचे तेज उतरवून प्रश्न मिटला असता. रेंडरचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चूक कागदावर असताना पकडणे स्वस्त पडते. रात्री अकराला शिडीवर चढून दिवे फिरवणाऱ्या मुलांना ती फार महाग पडते.

वेळेबद्दल थोडेच सांगतो. कार्यक्रम संध्याकाळी मोकळ्यावर सुरू होणार असेल आणि रेंडर मध्यरात्रीचे असेल, तर ते अर्धेच खरे आहे. ढगाळ दिवसाच्या उजेडातही मोकळ्यावर हजारो लक्स असतात आणि त्यापुढे आमचे काहीशे लक्स कुठल्या कुठे विरून जातात. सॉफ्टवेअरमध्ये तारीख, वेळ आणि स्थान घालून सूर्य मांडता येतो, तो मांडावा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने मिनिटभरात तयार होणारी चित्रेही रेंडर म्हणून दाखवली जाऊ लागली आहेत. कल्पना सुचवण्यासाठी त्यांचा उपयोग आहे आणि माझा त्यांना विरोध नाही. पण त्या चित्रांच्या मागे ना ट्रस असतो, ना दिव्यांची यादी, ना अंतरे. त्यातल्या झुंबराचा उजेड कुठून आला हे चित्र काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही. अशा चित्रावर ‘कल्पनाचित्र’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याच्या आधारे कोणीही करार करू नये.

व्यवसायातले मित्र मला म्हणतात की खरे रेंडर फिके दिसते, शेजारच्याचे झगझगीत चित्र पाहून ग्राहक तिकडे जातो, आणि एवढ्या तपशिलाला वेळ कोणाकडे आहे. यातली वेळेची अडचण मला मान्य आहे. प्रकाशाच्या सगळ्या उसळ्या मोजणाऱ्या एका चांगल्या चित्राला संगणक अजूनही बराच वेळ घेतो. पण ग्राहक जातो या बोलण्याशी मी पूर्ण सहमत नाही. ज्या ज्या आयोजकाला मी चित्राबरोबर त्यातल्या मर्यादा सांगितल्या, त्यांतल्या बहुतेकांनी पुढचे कामही मलाच दिले. लोकांना देखणेपण हवे असते हे खरे, पण आपल्या पैशांचे काय होणार आहे हेही त्यांना कळायला हवे असते.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. जे रेंडर तयार करतात त्यांनी चित्राच्या खाली एक ओळ लिहावी: कोणते दिवे आणि किती, हेझ धरला आहे की नाही, कॅमेरा किती उंचीवर आहे, वेळ कोणती. जे पैसे देतात त्यांनी ती ओळ नसेल तर मागावी आणि त्यातले दिवे अंदाजपत्रकातल्या यादीशी ताडून पाहावेत. प्रकाशयोजना शिकवणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांच्या हाती सॉफ्टवेअरबरोबर लक्समीटरही द्यावा. ३०० लक्स म्हणजे काय हे स्वतःच्या तळहातावर पाहिलेला विद्यार्थी स्क्रीनवरच्या आकड्याशी खेळ करणार नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या बाईंच्या प्रश्नानंतर मी एक शिस्त लावून घेतली आहे. दिव्यांचे फोकसिंग संपले की रेंडरमधला कॅमेरा जिथे होता नेमक्या त्याच जागी मी उभा राहतो, एक फोटो काढतो आणि रात्री घरी आल्यावर तो रेंडरशेजारी ठेवून पाहतो. मागच्या पडद्याचा केशरी अजूनही माझ्या चित्रात थोडा जास्तच उजळ येतो. त्या कापडाचा एक तुकडा मी आणून ठेवला आहे. पुढचे रेंडर त्याचे मोजमाप घेऊनच करणार आहे.

आपला विश्वासू,
एक प्रकाशयोजनाकार