चिठ्ठी दिली, मूल पोहोचलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये, आमच्या पालघरातून. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातली कमतरता आणि वाढीतला उशीर शोधायला डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतलं प्रत्येक मूल वर्षातून दोनदा तपासायचं, असा नियम आहे. पथकं येतात, डॉक्टर मंडळी मनापासून राबतात. माझं म्हणणं गाडी परत गेल्यानंतरचं आहे.

दोन वर्षांची एक मुलगी होती. मागून ताट वाजवलं तरी मान वळवत नसे. आई म्हणे, "ताई, हिचा बापूस पण उशिराच बोलला." पथकातल्या डॉक्टरबाईंना शंका आली, त्यांनी चिठ्ठी दिली. पुढची तपासणी जिल्ह्याच्या गावी. पहाटेची एसटी पकडून, मजुरी बुडवून माय-लेक गेल्या, तर कान तपासणारे रजेवर, पुढच्या आठवड्यात या. पुन्हा जाणं झालंच नाही. दिवाळी सरली आणि घरदार भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं. चिठ्ठी कुडात खोचलेली राहिली. मुलीच्या कानाला यंत्र लागलं तेव्हा तिला चौथं वर्ष सरत आलं होतं. बाळाच्या कानाची तपासणी पहिल्या महिन्यात, दोषाचं निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात. त्या दुसऱ्या खेपेला मी सोबत गेले असते तर, हे अजून मनातून जात नाही.

कुपोषित मुलाला उपचारासाठी दाखल केलं की आईला बुडीत मजुरी मिळते. मग ज्याच्या कानाची, डोळ्यांची किंवा पायांची शंका आहे, त्याच्या आईला का नको? एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी हातात पडली, सोबतीला आशाताई असली, तर ती दुसऱ्यांदाही जाईल. जिल्ह्याला निघण्याआधी तिथे डॉक्टर आहेत का, एवढा फोन पथकाने करावा.

माता बाल संरक्षण कार्डावर मूल कधी मान धरतं, कधी बसतं, कधी बोलतं याची चित्रं आहेत. आम्ही सेविका मात्र वजन तेवढं भरत आलो, कारण बैठकीत विचारणा वजनाचीच होई. चिठ्ठी दिलेल्या मुलांची यादी सेविकेकडे ठेवा आणि दर महिन्याच्या बैठकीत एकेका नावाला विचारा, पोहोचलं का?

शिवाय पाडे रिकामे झाल्यावर पथक येऊन काय उपयोग? जव्हार-मोखाड्यातली पहिली फेरी दिवाळीआधी उरकावी. भट्टीवर गेलेल्या मुलांची नावं तिथल्या तालुक्याच्या पथकाला कळवावीत. आमची माणसं कोणत्या मुकादमाकडे, कुठल्या भट्टीवर जातात हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. जिल्हा परिषदेने सेविकांना नुसतं विचारावं, त्या सांगतील.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. जव्हार, जि. पालघर