बाय, ‘डी’ ड्राइव्हबद्दल आभार

प्रिय बाय,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. आपल्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात गावोगावी नाट्यमंडळं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी जत्रेच्या नाटकांच्या संहिता कुणा एकाच्या जुन्या लॅपटॉपवर पडून असतात. आमच्या मंडळाचं तेच.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा मिळणं, संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा सहाव्या पिढीतला. दुकानदाराने ‘भंगारात घाला’ म्हणून निकाल दिला. कीबोर्ड धड, स्क्रीन धड, भंगारात का म्हणून? तू मात्र म्हणालीस, ‘काका, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घालून बघूया.’

आधी नुसत्या पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून दाखवलंस. आवाज आला, प्रिंटरने पान काढलं, वाय-फाय तेवढं दिसेना. तू फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलंस आणि वाय-फायचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मिळतो याची खात्री करून घेतलीस.

पण खरे आभार मानायचेत ते त्यानंतरचे. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय समोर आला तेव्हा तू माउसवरचा हात काढलास आणि विचारलंस, ‘संहिता कुठे आहेत?’ मी बिनघोर सांगितलं, ‘डी ड्राइव्हवर.’ डी म्हणजे त्याच डिस्कचा एक कप्पा, पुसली तर तोही जाणार, हे माझ्यासारख्या किती जणांना ठाऊक असेल! सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलंस, आणि त्यातल्या काही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्यास.

तिथे संहितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसला. आमची जुनी नाटकं युनिकोड (देवनागरी अक्षरांना स्वतःचे ठरलेले कोड देणारी पद्धत) रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच कोड असतात, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. तू परत विंडोज उघडून फॉन्टची फाइलसुद्धा उचलून घेतलीस. मगच डिस्क पुसली. मिंटमध्ये ती फाइल घातल्यावर लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्रॅमने पहिला अंक जसाच्या तसा दाखवला, कंसातल्या रंगसूचनांसकट. एवढी सावधगिरी पैसे घेऊन काम करणारेही दाखवत नाहीत, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आता एकेक नाटक युनिकोडमध्ये नेतोय. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण रफार भलत्याच अक्षरावर बसवतो आणि पहिली वेलांटी पुढेमागे करतो, म्हणून प्रॉम्प्टर आणि मी ओळ न् ओळ वाचून घेतोय.

आमच्या पेटीवाल्यांनाही त्यांच्या लॅपटॉपवर मिंट हवंय. तुझी परीक्षा संपेपर्यंत विचारायचं नाही, आणि तोवर आपल्या डी ड्राइव्हमध्ये काय काय आहे ते बघून ठेवा, असं त्यांना बजावलंय.

तुझा,
नाट्यमंडळाचा चिटणीस काका